नकाशातील मापे व वर्गणीचा हिशेब

अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर भंडारदरा धरण १९१० ते १९२६ या काळात दगडी बांधणीत उभे राहिले. असे काम आधी कागदावर मोजावे लागते. देवळाचीही रीत तीच. नकाशात भिंत २० फूट लांब, १० फूट उंच व दीड फूट जाड असल्यास ३०० घनफूट, म्हणजे ३ ब्रास काम होते. त्यातून ४ फूट रुंद, ६ फूट उंच दरवाजाचे ३६ घनफूट वजा जाता २.६४ ब्रास उरते. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, तरी ब्रास गवंड्यांच्या तोंडी टिकला. दरवाजा वजा करण्याचे राहिले, तर पोकळीचेही पैसे मोजावे लागतात. वर्गणी गावाच्या घामाची असते. म्हणून आधी माप, मग पाया.