रावेरखेडीचा उतार

मागचे काही लेख बर्फातल्या पोस्टिंगचे होते. आता मुक्काम महूला आहे, म्हणजे मध्य प्रदेशात, इंदूरच्या शेजारी. पायदळातले असाल तर इन्फन्ट्री स्कूलमुळे आणि सिग्नल्सचे असाल तर आमच्या कॉलेजमुळे महू तुम्हाला माहीत असेलच. बाबासाहेबांचा जन्म इथलाच, १४ एप्रिल १८९१ चा. त्यांचे वडील रामजी सुभेदार फौजेत होते म्हणून तो इथे झाला. ही छावणीही मराठ्यांच्या पराभवातून उभी राहिली. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांची फौज हरली, जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि त्यानंतर इंग्रजांनी इथे छावणी वसवली.

शनिवार-रविवार मोकळा मिळाला की मी बुलेट काढतो, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. माझा एकच नियम आहे. जाताना हायवे घ्यायचा नाही. हायवे डोंगर कापून जातो, त्यामुळे डोंगर कुठे आला आणि कुठे संपला हे कळतच नाही. जुना रस्ता मात्र पाणी, चढ आणि गवत बघून गेलेला असतो. घोडा, बैल आणि माणूस जिथून जाऊ शकत होते तिथूनच तो जातो. जुन्या फौजा कशा हलल्या हे समजून घ्यायचं असेल तर असा रस्ता पुस्तकाइतकाच कामाचा.

या वेळी बेत होता रावेरखेडीचा. थोरले बाजीराव पेशवे २८ एप्रिल १७४० रोजी तिथे वारले, म्हणून मुद्दाम एप्रिलचा शेवटचा शनिवार निवडला. सोबत माझ्या सेक्शनचा एक लान्स नायक, लातूरकडचा पोरगा. त्याची स्वतःची मोटारसायकल, माझी बुलेट. सामान थोडंच: दोन ग्राउंडशीट, छोटा स्टोव्ह, पिठल्यापुरतं बेसन, कांदे, दहा लिटर पाणी, पंक्चरचं सामान, क्लचची एक जादा केबल. मच्छरदाणी मी घेतली. त्याने घेतली नाही, पण ते मला संध्याकाळी कळलं.

पहाटे साडेपाचला निघालो. महूपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर माळव्याचं पठार एकदम संपतं. तिथे विंध्याच्या कड्यावर जाम दरवाजा उभा आहे. अहिल्याबाई होळकरांनी तो १७९१ मध्ये बांधला. दगडी, दुमजली, भक्कम काम. शेजारी तटबंदी नाही, किल्ला नाही, नुसता दरवाजा. पोरानं विचारलं, "साहेब, भिंतच नाही तर दरवाजा कशाला?" मी म्हटलं, पलीकडे जाऊन खाली बघ. खाली निमाडचं खोरं पसरलेलं, मध्ये घाट उतरतो. भिंतीचं काम इथे कडाच करतो. इंदूर आणि राजधानी महेश्वर यांच्यामधली वाट याच घाटाने जायची. एवढी एक जागा राखली की येणारा-जाणारा प्रत्येक जण नजरेखाली. आजच्या भाषेत चेकपोस्ट.

घाट उतरताना एक सूचना, नव्या मुलांसाठी. गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवायला जाऊ नका. दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, इंजिनाला गाडी धरू द्या, ब्रेक फक्त वळणावर. मे महिन्याच्या तोंडावर ब्रेक लवकर तापतात.

या घाटांचं महत्त्व नोव्हेंबर १७२८ मध्ये दिसलं. माळव्यात मोगलांचा कारभार गिरिधर बहादूर आणि दया बहादूर बघत होते. दक्षिणेतून येणाऱ्या मराठ्यांना घाटावरच अडवायचं म्हणून ते अमझेऱ्याकडे तयारीत बसले. चिमाजी अप्पा नर्मदा उतरून मांडूच्या बाजूच्या घाटाने वर आले आणि बेसावध फौजेवर पडले. दोघेही सरदार मारले गेले आणि माळव्याचा दरवाजा मराठ्यांना उघडला. त्याच वर्षी फेब्रुवारीत बाजीरावांनी पालखेडला निजामाला पाण्यावाचून कोंडला होता. दोन्ही लढायांत तलवार चालण्याआधीच वाट आणि पाणी यांनी निम्मं काम केलं होतं.

मंडलेश्वरला नर्मदा दिसली. जवळच महेश्वर आहे, पण घाटावर न रेंगाळता आम्ही पुलावरून दक्षिण काठावर गेलो आणि कसरावदकडून पूर्वेला वळलो. हा रस्ता कपाशीच्या आणि मिरचीच्या मुलखातून जातो. पुढे बेडिया लागतं, तिथला मिरचीचा बाजार मोठा. आम्ही गेलो तेव्हा मोसम सरला होता, तरी हवेत ठसका होताच. दहा वाजल्यानंतर ऊन असं की हेल्मेटची काच वर केली तर भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटावं. दर अर्ध्या तासाला झाडाखाली थांबून पाणी पीत गेलो. दुपारचे चार तास एका वडाखाली झोपून काढले. माझा सल्ला, तुम्ही जाल तर डिसेंबर-जानेवारीत जा.

वडाखाली पोरानं मोबाइल दाखवला. त्यात लिहिलेलं, बाजीराव लाखाची फौज घेऊन दिल्ली जिंकायला निघाले होते आणि वाटेत रावेरला गेले. "खरं का साहेब?"

खरं नाही. दिल्लीवर ते १७३७ मध्येच जाऊन आले होते. १७४० च्या सुरुवातीला त्यांनी निजामाचा मुलगा नासिरजंग याला गोदावरीच्या मुलखात नमवलं. फेब्रुवारीअखेर मुंगी-पैठणला तह झाला आणि त्यात हंडिया व खरगोन हे परगणे बाजीरावांना मिळाले. त्या नव्या जहागिरीची व्यवस्था लावायला ते इकडे आले होते. म्हणजे अखेरची मोहीम जिंकून झाली होती आणि उरलं होतं ते कारकुनी काम. छावणीत पत्नी काशीबाईही होत्या. एप्रिलच्या शेवटी ताप आला आणि त्यातच ते गेले. वय एकोणचाळीस. पेशवाईची वस्त्रं मिळाली १७२० च्या एप्रिलात, मृत्यू १७४० च्या एप्रिलात. बरोबर वीस वर्षं, आणि त्यातली बरीचशी घोड्यावर.

पोरगा जरा हिरमुसला. "म्हणजे लढाईत नाहीच?" मी "नाही" म्हटलं आणि गाडीला किक मारली.

पाचच्या सुमारास रावेरखेडीला पोचलो. नर्मदेच्या दक्षिण काठावर एक आवार आहे, भोवती धर्मशाळेसारखी बांधणी, मध्ये समाधी. शनिवारवाड्यासारखी गर्दी नाही. आम्ही बूट काढले, हात जोडले. पोरानं न सांगता कडक सॅल्यूट केला.

मग नदीकडे गेलो. ही जागा म्हणजे नर्मदेचा जुना उतार. उतार म्हणजे पाणी कमी असताना फौज, बैल, उंट पायी नदी ओलांडतात ती जागा. बुऱ्हाणपूर, असीरगड या वाटेने वर येणाऱ्या फौजेला सातपुडा ओलांडल्यावर अशी जागा लागायचीच, कारण पूल नव्हते. सगळ्या मोहिमांचा हिशेब उताराशी बांधलेला असे. दसऱ्यानंतर पाणी ओसरलं की पलीकडे जायचं आणि पावसाळ्याआधी परत अलीकडे यायचं. चुकलं तर चार महिने फौज नदीपलीकडे अडकली. ज्या माणसाने आयुष्यभर उताराचं हे गणित चुकू दिलं नाही, तो अखेर उताराच्याच काठी थांबला.

आता मात्र तो उतार पायी ओलांडायचा विचारही करू नका. वर ओंकारेश्वरचं धरण आहे. पाणी सोडलं की नदी बघता बघता चढते. २००५ च्या एप्रिलमध्ये याच नदीवर, वरच्या अंगाला धाराजीच्या यात्रेत, धरणातून सुटलेल्या पाण्याने माणसं वाहून गेली होती. म्हणून वाळूत मुक्काम करायचा नाही. आम्ही गावकऱ्यांना विचारून काठापासून बऱ्याच वर, शेताच्या बांधाजवळ ग्राउंडशीट टाकल्या. एका घरून ज्वारीच्या भाकरी आल्या, पिठलं आमचं. निमाडी बोली आणि मराठी एकमेकींना बऱ्यापैकी समजतात.

अंधार पडला तशी मच्छरं आली. मी मच्छरदाणी बांधली आणि त्याला म्हटलं, तुझी काढ.

"आणली नाही साहेब. एका रात्रीनं काय होतंय?"

मी त्याच्यावर ओरडलो. एवढ्या जोरात की तो उठून सावधानमध्ये उभा राहिला. मग मलाच वाईट वाटलं. त्याला बसवलं आणि जे कुणाला फारसं सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

आमच्या गावचा एक जण माझ्याबरोबरच भरती झाला, माझ्याच ट्रेडमध्ये. पूर्वेकडच्या जंगलात एका पोस्टवर होता. पावसाळ्यात लाइन तुटली, ती जोडायला तीन दिवस बाहेर राहिला. परत आला आणि ताप भरला. मेंदूचा मलेरिया. पावसामुळे हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही. पाचव्या दिवशी गेला. कागदावर नोंद झाली फिजिकल कॅज्युअल्टी. बॅटल कॅज्युअल्टी नाही.

ही वर्गवारी पेन्शनच्या नियमांसाठी लागते, तिच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण माझ्याशी आहे. काही वर्षांनी गावात शहिदांचा स्तंभ करायचं ठरलं. मी रजेवर होतो. नोकरीतला माणूस म्हणून मला बैठकीला बोलावलं आणि विचारलं, याचं नाव घालायचं का? मी नियम सांगितला. म्हटलं, तसं बघितलं तर तो लढाईत गेला नाही. एवढ्यावर विषय संपला. स्तंभावर त्याचं नाव नाही. दुसऱ्या दिवशी त्याची आई घरी आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "त्यो काय घरात झोपून मेला व्हय रं?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर दर रजेला मी त्या घरासमोरून जायचं टाळत आलो.

जनरल स्लिम यांनी ब्रह्मदेशच्या आघाडीबद्दल लिहून ठेवलं आहे की १९४३ मध्ये जखमी म्हणून मागे पाठवलेल्या प्रत्येक सैनिकामागे आजारी म्हणून पाठवलेले १२० होते. त्यांनी पुढे मलेरियाची गोळी घेण्याची सक्ती केली, गोळी घेतली की नाही हे तपासायला लावलं आणि पलटणीत ढिलाई दिसली तर कमांडिंग ऑफिसरला घरी बसवलं. ताप हा शत्रूच आहे असं मानून त्यांनी लढाई केली. आपल्याकडच्या किती घराण्यांतले पणजोबा त्या आघाडीवर होते! त्यातले किती तापाने गेले आणि त्यामुळे कुठल्याच स्तंभावर आले नाहीत, कोण सांगणार?

पोरगा बराच वेळ गप्प होता. मग समाधीच्या दिशेने बघत म्हणाला, "साहेब, मग हेही फिजिकल कॅज्युअल्टीच की."

मी त्या जागी अभ्यास करून गेलो होतो, तारखा पाठ होत्या, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पालखेड, भोपाळ, दिल्ली गाजवणारा सेनापती छावणीत तापाने गेला. अडीचशेहून अधिक वर्षांत कुणाला वाटलं नाही की हा लढाईत पडला नाही, म्हणून याचं नाव खाली घ्यावं. त्याला लोक मोजतात ते मोहिमेवरचा माणूस म्हणून. वाटेवर असताना गेला, एवढं पुरलं. मग लाइन जोडायला गेलेल्या शिपायाला वेगळं माप का लावायचं? आणि ते माप लावणारा मीच होतो.

मच्छरदाणी एकच होती. दोघांनी डोकी आणि छाती आत घेतली, पाय बाहेर, मोजे घालून. झोप कमीच झाली. पहाटे गार वारा सुटला, नदीवर उजेड आला. समाधीपाशी पुन्हा जाऊन आलो आणि ऊन चढायच्या आत निघालो.

परतीची वाट बेडिया, सनावद, मोरटक्क्याच्या पुलावरून बडवाह आणि मग चोरलचा घाट. चढताना बुलेट एकदा तापून बंद पडली. सावलीत अर्धा तास उभी केली, चालू झाली. घाटमाथ्यावर चहाच्या टपरीपाशी मोबाइलला रेंज आली, तेव्हा गावच्या सरपंचांना फोन लावला. म्हटलं, त्या बैठकीत मी चुकीचं बोललो होतो, ग्रामसभेत हे माझ्या नावाने सांगा, लेखी पाहिजे तर लेखी देतो. ते म्हणाले, विषय घेतो, पण दगड बदलायचा म्हणजे खर्च आहे. खर्च मी बघतो म्हटलं. नाव लागेल की नाही ते अजून ठरलेलं नाही. जूनमध्ये रजा आहे. या वेळी आधी त्याच्या आईकडे जाणार आहे.

माजी सैनिक मित्रांना एक विनंती. तुमच्या गावच्या स्तंभावरची नावं एकदा वाचा. मग कोण राहिलं ते आठवा: तापाने गेलेला, कडा कोसळून गेलेला, गाडी दरीत जाऊन गेलेला. ग्रामसभेत त्याच्या बाजूने बोलायला तुमच्यासारखा माणूस लागतो. आणि कुठेही रात्रीच्या मुक्कामाला जाणार असाल तर मच्छरदाणी घ्या. एका रात्रीत होतं.

जय हिंद.