शायेन, सकाळी ८.२४

११ एप्रिल १९९६ रोजी अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, शायेन विमानतळावरून उडालेले एक चार आसनी सेस्ना १७७बी विमान धावपट्टी सोडल्यावर लगेच कोसळले. सात वर्षांची जेसिका डुब्रॉफ, तिचे वडील लॉइड आणि उड्डाण प्रशिक्षक जो रीड या तिघांचाही मृत्यू झाला. देश ओलांडायला निघालेल्या चिमुरड्या वैमानिकेचा अपघात, अशीच ही बातमी जगभर गेली. पण या अपघाताची कारणे आदल्या दिवसापासून एकेक करून साचत होती, आणि त्यातले एकही त्या मुलीच्या हातात नव्हते.

बुधवार, १० एप्रिल, सकाळ. हाफ मून बे, कॅलिफोर्निया

पश्चिम किनाऱ्यावरून निघायचे, पूर्व किनारा गाठायचा आणि परत यायचे. सगळे मिळून आठ दिवसांत. जेसिकाचे शिक्षण जेमतेम चार महिन्यांचे. समोरचे दिसावे म्हणून तिच्या खाली उशी, पाय पोचावेत म्हणून पेडलना जोड. परवान्याचे तिचे वयच नव्हते, त्यामुळे कायद्याने विमानाचे प्रमुख वैमानिक रीड होते. सर्वांत लहान वैमानिकाच्या विक्रमांची नोंद गिनीज बुकानेही काही वर्षांपूर्वीच बंद केली होती. तरी वृत्तवाहिन्या मागे होत्या आणि कोणत्या दिवशी कोणत्या गावी पोचायचे हे ठरून गेले होते. निघताना तिघांचीही पुरेशी झोप झालेली नव्हती.

बुधवार, दिवसभर. एल्को, रॉक स्प्रिंग्ज

नेवाडातले एल्को, मग वायोमिंगमधले रॉक स्प्रिंग्ज. वाटेत एका टप्प्यात जेसिकाला झोप लागली. एकदा उतरताना वारा इतका जोराचा होता, की रीड यांना मदत करावी लागली. मुलीला विश्रांती मिळाली, पण तिच्या शेजारी बसलेल्या माणसाला ती मिळाली नाही.

बुधवार, संध्याकाळ. शायेन

उतरताच लोकांचा गराडा, कॅमेरे, मुलाखती. हे विमानतळ समुद्रसपाटीपासून ६,१५६ फुटांवर आहे, आणि रीड यांचे घरचे विमानतळ समुद्रकाठचे. इतक्या उंचीवर हवा विरळ असते. त्यामुळे इंजिनाची ताकद घटते, पंख्याची ओढ कमी होते आणि पंखांना मिळणारी उचलही तेवढ्याच वेगाला मिळत नाही. विमान जास्त धावून उठते आणि उठल्यावरही सावकाश चढते.

गुरुवार, ११ एप्रिल, आठच्या आधी

शायेनच्या एका नभोवाणी केंद्राकडून आजचा दिवस इथेच थांबा, असे सुचवण्यात आले. वादळ यायच्या आत निघायचे आहे, असे उत्तर मिळाले. ज्या वादळामुळे थांबायला हवे होते, तेच घाईचे कारण ठरले.

आठच्या सुमारास

रीड यांनी हवामान विचारले. गार वाऱ्यांची आघाडी सरकते आहे, झोडपणारे वारे आणि बर्फ साचण्याचा इशारा आहे, असे त्यांना सांगण्यात आले. पूर्वेकडे मात्र आकाश बरे होते. एकदा इथून बाहेर पडलो की पुढे सोपे, हा विचार इथेच पक्का झाला असावा.

सव्वाआठच्या आसपास

इंजिन सुरू झाले, पण पुढच्या चाकाला लावलेला ठोकळा तसाच होता. इंजिन बंद करून तो काढावा लागला. ही चूक क्षुल्लक आहे आणि कोणाच्याही हातून होते. पण अनुभवी माणूस अशा साध्या गोष्टी विसरू लागला, की तो थकलेला किंवा घाईत आहे हे ओळखावे.

तोवर दृश्यमानता नेहमीच्या उड्डाणाच्या मर्यादेखाली घसरली होती. रीड यांनी खास परवानगी मागितली आणि ती मिळाली. नुकत्याच उडालेल्या एका मोठ्या, दोन इंजिनांच्या सेस्नाच्या वैमानिकाने जमिनीलगतच्या वाऱ्याचा वेग एकदम १५ नॉट्सने वरखाली होतो आहे, असे कळवले होते. नियंत्रण कक्षाने ते रीड यांच्या कानावर घातले. परत फिरायला याहून स्पष्ट निमित्त मिळणार नव्हते.

८.२४

पाऊस आणि सोसाट्याचा आडवा वारा. विमानाचे वजन मर्यादेपेक्षा ९६ पौंड, म्हणजे सुमारे ४४ किलो जास्त. ते उठले, पण नाक वर आणि पंख डुलत. थोडे चढून ते उजवीकडे, पूर्वेच्या दिशेला वळू लागले. वळताना आडवा वारा पाठीमागून येऊ लागतो, खालची जमीन झपाट्याने मागे पडते आणि वेग भरपूर आहे असे डोळ्यांना वाटते. पंखांना मात्र हवेतला वेग लागतो, आणि तोच कमी पडत होता. ज्या वेगाखाली पंखांची उचल तुटते, तो वेग जादा वजनाने आणि वळणाने आणखी वर नेला होता. उचल तुटली. याला स्टॉल म्हणतात. त्यातून सावरायला खाली उंची लागते, आणि इथे ती फक्त काहीशे फूट होती. विमान जवळजवळ सरळ खाली येऊन वस्तीतल्या रस्त्यावर आदळले.

त्यानंतर

अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने कारण नोंदवले ते असे : बिघडत्या हवामानात, जादा वजन घेऊन, सवयीपेक्षा विरळ हवेत उड्डाण करण्याचा प्रमुख वैमानिकाचा चुकीचा निर्णय आणि त्यातून आलेला स्टॉल. भर घालणारे कारण म्हणजे अतिमहत्त्वाकांक्षी वेळापत्रक, त्यातही माध्यमांना दिलेले शब्द. अपघाताच्या वेळी विमान रीड चालवत होते, असाही मंडळाचा निष्कर्ष आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत कायदा झाला. किमान खासगी वैमानिकाचा परवाना नसलेल्या कोणालाही विक्रमासाठी विमानाची नियंत्रणे हाताळायला बंदी आली. तो हवाच होता. पण शायेनमध्ये हुकला तो परवानाधारक, अनुभवी माणसाचा निर्णय, आणि त्याला थांबवण्याऐवजी सगळे त्याच्या वेळापत्रकाकडे डोळे लावून बसले होते. म्हणून हे प्रत्येक प्रवाशाला, यजमानाला आणि पत्रकाराला सांगणे आहे : छोट्या विमानाचा वैमानिक ‘आज नको’ म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नका. आणि तो म्हणत नसेल, तर तुम्ही म्हणा.