नेटवर्क टाइम प्रोटोकॉल

नेटवर्क टाइम प्रोटोकॉल (संक्षेप: एनटीपी) हा जालाला जोडलेल्या संगणकांची घड्याळे समन्वित जागतिक वेळेशी (यूटीसी) जुळवून ठेवणारा नियमसंच आहे. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड एल. मिल्स यांनी तो विकसित केला. त्याचे पहिले विनिर्देश १९८५ मध्ये, तर चौथ्या आवृत्तीचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

आवश्यकता
संगणकाचे घड्याळ क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालते. तापमान व स्फटिकाचे वय यांमुळे कंपनसंख्या किंचित बदलते. दहा लाखांत २० भाग इतक्या फरकानेही घड्याळ दिवसाला सुमारे १.७ सेकंद चुकते. चुकीच्या वेळेमुळे व्यवहारांच्या नोंदींचा क्रम बिघडतो आणि सुरक्षा प्रमाणपत्रे अवैध ठरू शकतात.

कार्यपद्धती
ग्राहक संगणक सर्व्हरला संदेश पाठवतो. संदेश निघण्याची व पोहोचण्याची, तसेच उत्तर निघण्याची व परत मिळण्याची, अशा चार वेळा नोंदल्या जातात. समजा, ग्राहकाच्या घड्याळानुसार संदेश ० मिलिसेकंदाला निघाला व उत्तर ४२ ला मिळाले. सर्व्हरच्या घड्याळानुसार संदेश ७० ला पोहोचला व उत्तर ७२ ला निघाले. सर्व्हरवरील २ मिलिसेकंद वगळता प्रवासाला ४० मिलिसेकंद लागले आणि ग्राहकाचे घड्याळ ५० मिलिसेकंद मागे आहे, असे गणिताने निघते. लहान फरक घड्याळाची गती किंचित बदलून हळूहळू भरून काढला जातो.

स्तररचना
अणुघड्याळे व उपग्रह-ग्राही यांसारखे संदर्भस्रोत शून्य स्तरावर मानले जातात. त्यांना थेट जोडलेले सर्व्हर पहिल्या स्तरावर, त्यांच्याकडून वेळ घेणारे दुसऱ्या स्तरावर, अशी ही उतरंड १५ पर्यंत जाते. स्तर १६ म्हणजे घड्याळ जुळलेले नाही.

भारतातील वापर
भारतीय प्रमाणवेळ नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते. एनटीपी केवळ यूटीसी पुरवतो. त्यात साडेपाच तास मिळवून स्थानिक वेळ दाखवण्याचे काम संगणकाची कार्यप्रणाली करते. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ मधील निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, कंपन्या व शासकीय संस्थांनी आपली घड्याळे या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी जुळवणे अपेक्षित आहे.

मर्यादा
जाण्यायेण्याला सारखाच वेळ लागतो, असे वरील गणित गृहीत धरते. प्रत्यक्षात जाताना ३० व येताना १० मिलिसेकंद लागल्यास १० मिलिसेकंदांची चूक राहते आणि ती केवळ या चार नोंदींवरून ओळखता येत नाही. मूळ रचनेत संदेशांची सत्यता तपासणे बंधनकारक नसल्याने खोटी वेळ पुरवली जाण्याचा धोका असतो. त्यावर उपाय म्हणून २०२० मध्ये नेटवर्क टाइम सिक्युरिटी हे मानक प्रसिद्ध झाले. एनटीपीच्या संदेशातील सेकंदांची ३२ बिटांची मोजणी १ जानेवारी १९०० पासून सुरू होते. ७ फेब्रुवारी २०३६ रोजी ती पुन्हा शून्यावर येईल.