वऱ्हाडच्या म्हशी: वजन आणि वाढ

वऱ्हाड म्हटलें कीं कपाशीचीं शेतें डोळ्यांपुढें उभीं राहतात. अमरावती आणि अकोला हीं नांवें रुई, सरकी आणि जिनिंगचे कारखाने यांच्याशीं इतकीं निगडित झालीं आहेत कीं, या प्रांताचें दुसरें एक धन सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तें धन म्हणजे म्हशी. एलिचपूर, म्हणजे आजचें अचलपूर, ही एके काळीं इमादशाहीची राजधानी. ती सत्ता 1574 मध्यें लयास गेली. एलिचपुरी म्हैस मात्र राहिली. तिलाच नागपुरी आणि वऱ्हाडी असेंही म्हणतात. लांब, चपटीं, पाठीमागें खांद्यापर्यंत वळलेलीं शिंगें आणि अरुंद, लांबट तोंड ही तिची ओळख. जवळच्या गाविलगडाचें नांव तरी गवळ्यांवरूनच पडलें, असें सांगतात.

या म्हशीचें वजन सरासरीनें 425 किलो आणि रेड्याचें 525 किलो धरतात. हरियाणांतील मुऱ्हा जातीचे आंकडे अनुक्रमें 450 आणि 550 असे दिले जातात. म्हणजे अंतर अवघें पंचवीस किलोंचें. असें असतां एका जातीची कीर्ति देशभर व्हावी आणि दुसरीनें आपल्याच मुलुखांत मागें पडावें, याचें कारण केवळ तराजूंत सांपडणार नाहीं.

जनावर मोठें कां होतें, या प्रश्नाचा शोध परदेशांत सशांवर घेतला गेला, ही गोष्ट मनोरंजक आहे. पाळीव सशांत किलोभर वजनाची जात आहे, तशीच सहा-सात किलोंची फ्लेमिश जातही आहे. (वऱ्हाडच्या शेतांत तुरीआड दडणारा ससा तो हा नव्हे, ती प्राणिजातच वेगळी.) इंग्लंडांत पनेट आणि बेली यांनीं 1918 मध्यें सशांच्या वजनाच्या आनुवंशिकतेवर निबंध प्रसिद्ध केला. पुढें अमेरिकेंत कॅसल आणि ग्रेगरी यांस असें आढळलें कीं, थोर आणि लहान जातींचीं अंडीं आकारानें सारखींच असतात. परंतु गर्भधारणेनंतर पहिल्या दोन-तीन दिवसांतच थोर जातीच्या गर्भांतील पेशी अधिक वेगानें विभागूं लागतात. म्हणजे मोठेपणाचें बीज आरंभींच पडलेलें असतें. पण बीज पडलें म्हणून पीक येतेंच असें नाहीं, हें वऱ्हाडच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. जन्मतः तीस किलोंच्या आसपास असलेलें पारडूं पुढें किती भरेल, हें त्याला मिळणाऱ्या दुधावर आणि चाऱ्यावर अवलंबून असतें.

आणि चाऱ्याचीच तर येथें ओढ. मोठ्या जनावरास दर शंभर किलो वजनामागें दररोज अडीच ते तीन किलो कोरडा चारा लागतो. म्हणजे 425 किलोंच्या म्हशीस साडेदहा ते पावणेतेरा किलो. 1853 मध्यें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. 1861 ते 1865 या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें आणि कापसाचे भाव कडाडले; 1867 मध्यें आगगाडी नागपुरास पोहोचली. कपाशीनें रान व्यापलें आणि कुरणें आक्रसलीं. कपाशीच्या पऱ्हाट्यांनीं चूल पेटते, गोठा भरत नाहीं. गोठ्याचा सारा भरवसा ज्वारीच्या कडब्यावर. तोही 1899-1900 च्या दुष्काळांत आटला, आणि त्या सालीं वऱ्हाडच्या गोठ्यांची जी वाताहत झाली तिला सीमा नव्हती.

1926 मध्यें नेमलेल्या शाही कृषि-आयोगानें 1928 च्या अहवालांत हिंदुस्थानच्या गुरांविषयीं एक मार्मिक गोष्ट मांडली: चारा जितका अपुरा, तितकीं जनावरें दुबळीं, आणि जितकीं दुबळीं, तितकीं अधिक संख्येनें पाळावीं लागतात. हा फेरा वऱ्हाडास पुरेपूर लागू होता. 1970 मध्यें दूधमहापुराची योजना सुरू झाल्यावर मुऱ्ह्याच्या बीजानें गांवठी म्हशी सुधारण्याचा मार्ग रूढ झाला. त्यानें दूध वाढलें, हें नाकारतां येत नाहीं. परंतु दाट अंगाचें जनावर कोरडवाहू घरांत आणणें म्हणजे आधींच अपुऱ्या कडब्यावर आणखी एक तोंड बसविणें होय. पोट भरलें नाहीं तर मोठें बीजही लहानच अंग धरतें, आणि काटक गांवठी वाण तेवढें हातचें जातें. संकराचा उत्साह बाळगणाऱ्यांनीं या हिशेबाकडे फारसें लक्ष दिलें नाहीं.

ज्या वाणाकडे असें दुर्लक्ष झालें, त्यांतीलच एकास अलीकडे सरकार-दरबारीं नांव मिळालें आहे. सातपुड्यांत भैंसदेहीजवळ उगम पावणारी पूर्णा अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून तापीकडे जाते. तिच्या कांठच्या खारपाणपट्ट्यांत भुरकट, पांढरट-तपकिरी रंगाची, मध्यम बांध्याची एक म्हैस पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. काळ्या म्हशींच्या खांडांत ती दुरूनही ओळखूं येते. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेनें ज्या दहा नव्या जाती नोंदल्या आणि ज्यांची वार्ता 2023 च्या आरंभीं प्रसिद्ध झाली, त्यांत ‘पूर्णाथडी’ या नांवानें हिचा समावेश आहे. थडी म्हणजे नदीचा कांठ; नांव गवळ्यांच्या तोंडचेंच कागदावर आलें. नोंद झाल्यामुळें तिचें बीज वेगळें राखण्यास आधार मिळाला आहे. शुद्ध रेडे गांवोगांवीं राखावयाचे कोणीं, आणि त्यांचा कडबा पुरवावयाचा कोणीं, हा प्रश्न पूर्णेच्या दोन्ही थडींवर अजून तसाच आहे.