‘ब्राह्मणकन्या’ आणि अस्सलायनसुत्त

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी कादंबरीत विवाहाचा प्रश्न वारंवार येतो. परंतु जातीचे अस्तित्वच विवाहबंधनावर अवलंबून आहे, हे ओळखून लिहिलेल्या कादंबऱ्या थोड्या. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४-१९३७) यांची ‘ब्राह्मणकन्या’ (१९३०) त्यांपैकी एक होय.

केतकरांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेचा अभ्यास केला व त्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. जन्माने मिळणारे सदस्यत्व आणि जातीबाहेर विवाहास बंदी, ही जातीची दोन लक्षणे त्यांनी सांगितली. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या व्याख्येची दखल घेतली. विवाह जातीतच झाला की सदस्यत्व आपोआप जन्मावर येते. सबब दोन्ही लक्षणे मुळात एकच, हे त्यांनी दाखवून दिले.

कादंबरीची नायिका कालिंदी. पिता ब्राह्मण, मातेचे कुळ मात्र समाजाच्या दृष्टीने ‘शुद्ध’ नव्हे. म्हणून ब्राह्मण समाजात तिच्या विवाहाचा मार्ग खुंटतो आणि ती शिवशरणप्पा या व्यापाऱ्याबरोबर विवाहावाचून राहू लागते. अपराध तिचा नाही, दंड मात्र तिला. केतकरांनी हे चित्र निर्भीडपणे रेखाटले. उपाय मात्र वैजनाथशास्त्री या पात्राच्या द्वारे पुढे येतो, तो नव्या स्मृतीचा. खुद्द केतकरांनी एडिथ कोहन या जर्मन ज्यू विदुषीशी विवाह केला, तेव्हाही व्रात्यस्तोम विधीने त्यांना हिंदू करून घेण्यात आले. त्या शीलवतीबाई झाल्या. दार उघडले, भिंत राहिली. विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचा बौद्ध व जैन वाङ्मयावरील खंड ज्या इंग्रजी भाषांतरातून (कलकत्ता, १९३३) आपल्याकडे वाचला गेला, ते शीलवतीबाईंनी एच. कोहन यांच्यासह केले, हे पाली अभ्यासकांनी विसरू नये.

कालिंदीचा प्रश्न पाली वाङ्मयास नवा नाही. मज्झिमनिकायातील अस्सलायनसुत्तात भगवान विचारतात : क्षत्रिय तरुण व ब्राह्मण कन्या यांच्या पुत्रास काय म्हणावे? अस्सलायन उत्तरतो, क्षत्रियही म्हणावे, ब्राह्मणही. मग भगवान घोडी व गाढव यांच्या संततीविषयी विचारतात. ते खेचर वेगळे दिसते. मनुष्याच्या संततीत तसा भेद दिसत नाही, हे अस्सलायनास मान्य करावे लागते. दीघनिकायातील अम्बट्ठसुत्त तर सांगते की, जेथे आवाह-विवाह तेथेच जातीची व गोत्राची भाषा; आणि त्या भाषेत अडकलेला श्रेष्ठ विद्याचरणापासून दूर. येथे स्मृती बदललेली नाही. ‘शुद्ध कुळ’ हे गृहीतकच नाकारले आहे. १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या प्रबंधात बाबासाहेबांनी जात म्हणजे वंशभेद नव्हे असे प्रतिपादून मिश्रविवाह हाच खरा उपाय सांगितला, तो याच परंपरेस धरून आहे असे आम्हांस वाटते.

केतकर १९३१ साली हैदराबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद या नावाने त्याच संस्थानात होते. येथील शहागंजच्या बाजारात नाना जातिधर्मांचे लोक देवघेव करतात. जात त्यास फारशी आड येत नाही. ती आड येते सोयरीक जुळविताना. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्यापुढील कसोटीही तीच आहे. विवाहविधीत त्रिसरण-पंचशील घ्यावयाचे आणि तत्पूर्वी पोटजात विचारावयाची, हे जेथे घडते तेथे वैजनाथशास्त्र्याची स्मृतीच आपण पाळतो, अस्सलायनसुत्त नव्हे. उपासक-उपासिकांनी हा प्रश्न प्रथम आपल्या घरात सोडवावा.