गुटमन, बेला

गुटमन, बेला : (२७ जानेवारी १८९९ – २८ ऑगस्ट १९८१). हंगेरियन फुटबॉलपटू आणि विसाव्या शतकातील एक अग्रगण्य प्रशिक्षक. यूरोपीय चषक या स्पर्धेत (आजच्या चॅम्पियन्स लीगचे पूर्वरूप, निरनिराळ्या देशांचे विजेते क्लब तीत खेळत) लिस्बनच्या बेनफिका क्लबला त्याने १९६१ व १९६२ अशी लागोपाठ दोन वर्षे विजयी केले.

त्याचा जन्म बुडापेस्टमधील ज्यू कुटुंबात झाला. आईवडील नृत्यशिक्षक होते आणि तेच शिक्षण त्यानेही घेतले होते. एमटीके या बुडापेस्टच्या क्लबकडून तो सेंटर-हाफच्या जागी खेळे. दोन बचावपटू, तीन हाफ व पाच आघाडीपटू अशा तत्कालीन रचनेत मधल्या फळीच्या केंद्रस्थानी असणारा हा खेळाडू बचाव सांभाळून चढाईलाही दिशा देत असल्याने सामन्याची सूत्रे बहुधा त्याच्याकडेच असत. पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीत ज्यूद्वेष उघडपणे वाढला, तेव्हा १९२२ मध्ये गुटमन व्हिएन्नातील हाकोआ या क्लबात गेला. ‘हाकोआ’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘सामर्थ्य’ असा असून केवळ ज्यू खेळाडूंच्या या संघाने १९२४-२५ च्या हंगामात ऑस्ट्रियाचे विजेतेपद मिळविले. दरम्यान १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हंगेरीचा संघ ईजिप्तकडून ०–३ असा हरला. पथकात खेळाडूंपेक्षा अधिकाऱ्यांची गर्दी जास्त, म्हणून संतापलेल्या गुटमनने त्यांच्या खोल्यांच्या दारांना मेलेले उंदीर टांगले, असे सांगतात. वरिष्ठांशी न पटण्याची ही सुरुवात म्हणावी लागेल. १९२६ च्या अमेरिका दौऱ्यात हाकोआच्या न्यूयॉर्कमधील एका सामन्याला सुमारे ४६,००० प्रेक्षक लोटले. या लोकप्रियतेमुळे संघातील बरेच खेळाडू पुढे अमेरिकेतच खेळू लागले. त्यांत गुटमनही होता.

खेळाडू म्हणून निवृत्त झाल्यावर त्याने व्हिएन्नात हाकोआचे आणि नंतर नेदरलँड्समधील एन्स्खेडेच्या संघाचे प्रशिक्षण केले. ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन केला गेला त्या १९३८ साली तो हंगेरीस परतला आणि उय्पेश्त या क्लबला त्याने १९३९ चे राष्ट्रीय विजेतेपद व मध्य यूरोपातील क्लबांसाठीचा मित्रोपा चषक, असे दोन्ही मिळवून दिले. तरीही ज्यूविरोधी कायद्यांपुढे या यशाचा काही उपयोग झाला नाही. युद्धकाळात तो काही काळ उय्पेश्तमध्ये लपून राहिला, पुढे सक्तमजुरीच्या छावणीत डांबला गेला आणि १९४४ च्या अखेरीस एर्नो एर्बस्टाइन या दुसऱ्या प्रशिक्षकासह तेथून निसटला. त्याचे वडील व बहीण मात्र नाझींच्या हत्याकांडातून वाचले नाहीत. या वर्षांविषयी तो स्वतः फारसे बोलत नसे.

युद्धानंतर तो सतत फिरत राहिला. रुमानियात टंचाईमुळे त्याने पगार भाजीपाल्याच्या रूपात घेतल्याचे सांगितले जाते. हंगेरीतील किश्पेश्त क्लबात खेळाडूला मैदानाबाहेर ठेवण्याचा त्याचा आदेश तरुण फेरेन्त्स पुश्काशने मोडला, आणि गुटमनने ती जागाच सोडली. इटलीत १९५५ मध्ये एसी मिलानचा संघ गुणतक्त्यात अग्रस्थानी असताना त्याला काढून टाकण्यात आले (त्याच हंगामात मिलानने विजेतेपद मिळविले). संघ पहिल्या क्रमांकावर असताना प्रशिक्षकास काढता येणार नाही, असे कलम त्यानंतरच्या करारांत तो घालून घेई, अशी वदंता आहे. त्याच्या पैशाच्या आग्रहाची टिंगल पुष्कळ झाली. परंतु ज्याला घर, देश व नोकरी ही तिन्ही वारंवार गमवावी लागली, त्याचा लेखी करारावरचा भर लोभ म्हणून निकालात काढणे अन्यायाचे ठरेल.

१९५६ च्या हंगेरियन उठावानंतर होनवेद क्लबच्या दौऱ्याबरोबर तो ब्राझीलला गेला आणि साओ पाउलो क्लबचा प्रशिक्षक म्हणून तेथेच राहिला. १९५७ ची राज्यस्पर्धा त्या क्लबने जिंकली. चार बचावपटू, मधल्या फळीत दोघे व आघाडीला चौघे अशी ४-२-४ ही रचना तो वापरी. पुढच्याच वर्षी ब्राझीलने याच रचनेने विश्वचषक जिंकला आणि त्या संघाचे प्रशिक्षक व्हिसेंते फेओला हे साओ पाउलो क्लबशी निगडित होते. त्यामुळे श्रेयाचा काही वाटा गुटमनला दिला जातो. ही रचना हंगेरी व ब्राझील या दोन्हीकडे स्वतंत्रपणेही आकार घेत होती, हे लक्षात घेता तो तिचा जनक नसून वाहक होता, असे म्हणणे अधिक योग्य होय.

१९५८-५९ मध्ये पोर्तो क्लबला, केवळ गोलफरकाच्या जोरावर, पोर्तुगालचे विजेतेपद मिळवून देऊन तो लगेच पराभूत प्रतिस्पर्धी बेनफिकाकडे गेला. तेथे त्याने अनेक जुन्या खेळाडूंना वगळून तरुणांना संधी दिली. १९६१ मध्ये बर्न येथे बार्सिलोनाला ३–२ असे हरवून बेनफिकाने यूरोपीय चषक पटकाविला. तत्पूर्वीच्या पाचही स्पर्धा रेआल माद्रिदने जिंकल्या होत्या. पुढील वर्षी अ‍ॅमस्टरडॅममध्ये त्याच रेआलविरुद्ध, पुश्काशने पहिल्या अर्ध्यातच तीन गोल केल्यानंतरही, बेनफिकाने ५–३ असा विजय मिळविला. त्यांतील दोन गोल मोझँबीकहून आणलेल्या युसेबिओ या विशीतल्या खेळाडूचे होते.

या विजयानंतर मानधनवाढ नाकारली गेल्याने गुटमनने क्लब सोडला आणि शंभर वर्षे बेनफिका यूरोपात विजेता होणार नाही असा शाप दिला, ही आख्यायिका त्याच्या कार्याहूनही प्रसिद्ध झाली. तो १९६५ मध्ये त्याच क्लबात प्रशिक्षक म्हणून परतला होता, ही बाब शापाच्या कथेशी विसंगत असून सांगणारे ती सहसा वगळतात. तथापि १९६३ ते २०१४ या काळात बेनफिकाने यूरोपीय स्पर्धांचे आठ अंतिम सामने गमावले. त्यांपैकी १९९० चा सामना व्हिएन्नात होता. गुटमनचे दफन त्याच शहरात झाले असल्याने सामन्यापूर्वी युसेबिओने त्याच्या थडग्यापाशी प्रार्थना केली, असे सांगितले जाते. मिलानने तो सामना १–० असा जिंकला. बेनफिकाच्या लिस्बनमधील मैदानावर २०१४ मध्ये गुटमनचा पुतळा उभारण्यात आला असून त्याच्या हातांत दोन चषक आहेत.