हार्डविक हॉल : काचेतून मांडलेला दावा

सोळाव्या शतकातील इंग्लंडमध्ये काच ही श्रीमंतांची चैन होती. त्या काळात डर्बीशायरच्या एका टेकडीवर भिंतीपेक्षा काचच अधिक दिसावी असे घर उभे राहिले. हार्डविक हॉलचे बांधकाम 1590 मध्ये सुरू झाले. 1597 मध्ये मालकीण तेथे राहावयास आली, तेव्हा ती सत्तरीच्या घरात होती.

ही मालकीण म्हणजे श्रूजबरीची काउंटेस एलिझाबेथ, अर्थात ‘बेस ऑफ हार्डविक’. जन्म बेताच्या जमीनदार घराण्यातला. चार विवाह झाले, चारही पतींच्या मागे ती उरली, आणि अखेरीस इंग्लंडमधील सर्वांत धनाढ्य स्त्रियांत गणली गेली.

आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा मानला जातो. हे घर बाहेरूनच वाचता येते. तळमजल्याच्या खिडक्या ठेंगण्या, त्यावरच्या उंच, सर्वांत वरच्या त्याहून उंच. खाली नोकरचाकर, मध्ये कुटुंब आणि माथ्यावर दरबारी दालने. मान वाढतो तशी काच वाढते! एवढ्या खिडक्यांनी बाहेरच्या भिंती दुबळ्या होऊ नयेत, म्हणून धुराडी आतल्या भिंतींत घेतली आहेत. काही खिडक्या तर निव्वळ देखाव्याच्या. बाहेरची समतोल रचना बिघडू नये एवढेच त्यांचे काम. डर्बीशायरच्या हिवाळ्यात या काचेच्या पिंजऱ्यात ऊब किती राहत असेल, हा प्रश्न वेगळाच.

सहा मनोऱ्यांच्या शिखरांवर दगडात कोरलेली ‘ई एस’ ही तिची आद्याक्षरे दुरूनही दिसतात. हे सारे केवळ मिरवण्यासाठी होते काय?

उत्तर वरच्या मजल्यावर शोधावे लागते. तेथील भव्य दालनात शेकोटीवर राजचिन्ह आहे, तर भिंतीच्या वरच्या भागात देवी डायानाच्या वनातील दरबाराचे रंगीत गिलाव्याचे उठावचित्र. अविवाहित राणी एलिझाबेथला डायानाची उपमा देण्याची तेव्हा रीतच होती. मात्र राणी या घरी कधीच आली नाही.

राजरक्ताची एक व्यक्ती मात्र येथेच राहत होती. बेसची नात आर्बेला स्टुअर्ट ही सातव्या हेन्रीची वंशज. राणीच्या पश्चात गादीवर तिचाही हक्क सांगता येत होता. आजीचे तिच्यावर प्रेम होते, तसाच कडक पहाराही. नात आपल्याच शयनगृहात झोपते, अशी ग्वाही बेसने 1592 मध्येच राणीचे मंत्री लॉर्ड बर्घली यांना पत्राने दिली होती. पुढे नव्या घरातही पहारा सैल झाला नाही. 1603 च्या आरंभी आर्बेलाने येथून पळून जाण्याचा प्रयत्न केला, तो फसला. त्याच वर्षी गादी मिळाली ती तिचा चुलतभाऊ जेम्स याला. आर्बेला 1615 मध्ये टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत मरण पावली.